एमआय-१७, ब्लॅक हॉक की चिनूक? टनांचा आकडा शेवटी बघा

लष्करी मालवाहू हेलिकॉप्टर निवडायला बसलं की समोर पहिला येतो टनांचा आकडा. हे किती उचलतं, ते किती उचलतं, आणि तिथेच निम्मा निकाल लागून जातो. मला विचाराल तर तो आकडा सगळ्यात शेवटी वाचावा. आधी हे ठरवावं की आपल्याला किती उंचीवर आणि किती उन्हात जायचंय, मागच्या दारात डोळे लावून कोण बसणार आहे, आणि संध्याकाळी परत आलेलं यंत्र उघडायला हात कोणाचे आहेत.

छोट्या किंवा मध्यम दलाला एकाच प्रकारावर यायचं असेल तर चर्चा फिरून फिरून तीन नावांवर येते: रशियन एमआय-१७, अमेरिकन ब्लॅक हॉक आणि अमेरिकन चिनूक. तिघांचीही मुळं जुनी. एमआय-१७ ज्यातून निघालं ते एमआय-८ आणि चिनूक ही दोन्ही १९६१ साली पहिल्यांदा उडाली, ब्लॅक हॉक १९७४ साली. आज मिळणाऱ्या रूपांचे मोजके आकडे असे:

| | एमआय-१७ व्ही-५ | यूएच-६० एम ब्लॅक हॉक | सीएच-४७ एफ चिनूक |
|---|---|---|---|
| कमाल उड्डाण वजन | १३,००० किलो | सुमारे १०,००० किलो | सुमारे २२,७०० किलो |
| हुकावरचा (खाली लटकता) कमाल भार | सुमारे ४,५०० किलो | सुमारे ४,१०० किलो | मधल्या हुकावर सुमारे ११,८०० किलो |
| सैनिक | ३६ पर्यंत | ११ (पूर्ण सामानासह) | ३३ ते ५५ |
| केबिनची उंची | १.८ मीटर | १.३७ मीटर | १.९८ मीटर |
| रोटर (वरचा पंखा) फिरताना लांबी | सुमारे २५ मीटर | सुमारे २० मीटर | सुमारे ३० मीटर |

यातली केबिनच्या उंचीची ओळ लोक सहसा वाचतच नाहीत. ब्लॅक हॉकमध्ये मोठ्या माणसाला उभं राहता येत नाही. सी-१३० या मालवाहू विमानाच्या पोटात मावलं पाहिजे, या अटीपायी ते बसकं झालं. त्यामुळे जखमीवर उपचार करणारा माणूस सगळा वेळ गुडघ्यांवर, आणि उंच खोका आत जातच नाही. बदल्यात दोन्ही बाजूंना रुंद सरकती दारं मिळतात, अकरा जण उतरून पांगायला फार वेळ लागत नाही. शिवाय व्हिएतनाममधल्या अनुभवावरून ते आपटण्याचा विचार करूनच बांधलंय. चाकांचे पाय आणि खुर्च्या खाली दबून धक्का पितात, इंधनाची टाकी सहजी फुटत नाही. एमआय-१७ ची भिंतीलगतची दुमडणारी बाकं बघितल्यावर हा फरक सांगावा लागत नाही.

आता उंचीकडे वळू, कारण इथेच माहितीपत्रक आणि डोंगर यांची फारकत होते. ३,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा साधारण २६ टक्क्यांनी कमी असते. तिथे दुपारी पारा २० अंशांवर गेला की जवळजवळ एक तृतीयांश हवा गेलेलीच समजा. रोटरची पाती त्याच हवेवर जगतात आणि इंजिनही त्याच हवेवर, म्हणजे मार दोन्हीकडून बसतो. त्यात भर म्हणजे, सपाट मैदानावर तरंगताना खाली ढकललेल्या हवेची एक उशी तयार होते आणि थोडी ताकद वाचते. अरुंद कड्यावर किंवा लांब दोरावर भार लटकवून अधांतरी थांबताना ती उशी नसते. विक्रेत्याला विचारायचं असेल तर हेच विचारा: आमच्या सगळ्यात उंच हेलिपॅडवर, सगळ्यात गरम महिन्यात, भर दुपारी, परतीचं इंधन पोटात ठेवून, उशीविना तरंगताना किती किलो?

या प्रश्नाचं उत्तर एका देशाने प्रत्यक्ष भोगून दिलंय. अफगाण हवाईदल एमआय-१७ वर तयार झालं होतं. २०१७ पासून अमेरिकेने त्यांच्या हाती नूतनीकरण केलेली ब्लॅक हॉक द्यायला सुरुवात केली. २०१८ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांच्या अहवालात कबुली आली: एका एमआय-१७ च्या कामाला साधारण दोन ब्लॅक हॉक लागतात, काही मोठं सामान आत मावत नाही, आणि एमआय-१७ ज्या उंचीवर जातं तिथे ब्लॅक हॉक पोचत नाही. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एमआय-१७ ची ८० टक्के देखभाल अफगाण तंत्रज्ञ स्वतः करत होते. ब्लॅक हॉकसाठी जवळजवळ सगळा भार परदेशी कंत्राटदारांवर होता. २०२१ मध्ये ते कंत्राटदार निघून गेले, तेव्हा मागे उरलेल्या हेलिकॉप्टरांची क्षमता कागदावर किती होती, याला अर्थ उरला नाही.

यावरून ब्लॅक हॉक वाईट असा निष्कर्ष काढू नका. ती जुनी, नूतनीकरण केलेली यंत्रं होती, आजचं एम रूप त्याहून ताकदवान आहे. मुद्दा हातांचा आहे. एमआय-१७ हे कमी सोयींच्या तळावर, साध्या अवजारांनी उघडता येणारं यंत्र आहे. ब्लॅक हॉक नेमकं सांगतं काय बिघडलंय, पण ते ऐकायला शिकलेला माणूस आणि सुट्या भागांची न तुटणारी साखळी लागते.

चिनूकची गोष्टच निराळी. एकाच मुख्य रोटरच्या हेलिकॉप्टरला अंग गरगर फिरू नये म्हणून शेपटीचा पंखा लागतो, आणि तो इंजिनाची थोडी ताकद खातो, वर काही उचलत नाही. चिनूकचे दोन रोटर एकमेकांविरुद्ध फिरतात, त्यामुळे सगळी ताकद उचलण्याला जाते. दुसरा फायदा माल भरणाऱ्यांना विचारा. एका रोटरच्या यंत्रात वजन ठरावीक खुणांच्या आतच ठेवावं लागतं, थोडं पुढे-मागे झालं की तोल जातो. चिनूकमध्ये ही मोकळीक बरीच मोठी. मागची चाकं कड्यावर टेकवून, पुढचा भाग दरीवर अधांतरी ठेवून मागच्या उतरत्या दारावरून, म्हणजे रॅम्पवरून, माणसं उतरवायची हे त्याचं खास काम, आणि त्या वेळी पुढे बसलेल्या वैमानिकाच्या पायाखाली जमीन नसते. मागची चाकं नेमकी कुठे आहेत हे त्याला मागचा माणूस सांगतो.

याची किंमतही आहे. दोन रोटरांची पाती एकमेकांच्या वर्तुळातून जातात, त्यांचा ताळमेळ गिअरबॉक्स आणि शाफ्ट राखतात. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी शेटलंड बेटांजवळ पुढच्या गिअरबॉक्समध्ये बिघाड होऊन नागरी वाहतुकीच्या चिनूकचा हा ताळमेळ सुटला, पाती एकमेकांवर आदळली आणि ४५ माणसं गेली. तेव्हापासून तपासणीची पद्धत खूप सुधारली, पण तपासण्यासारखं या यंत्रात जास्तच आहे. शिवाय त्याच्या पंख्यांखालचा वारा. तंबू, पत्रे, सैल माती, काहीही जागेवर राहत नाही. मदतकार्यासाठी घेणार असाल तर गावाजवळच्या छोट्या मैदानात ते उतरवण्याआधी दोनदा विचार करावा लागेल.

आता कर्मचाऱ्यांकडे. खरेदीच्या चर्चेत हा भाग पाच मिनिटांत उरकतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

धुळीत उतरणं डोळ्यांसमोर आणा. खाली सुकी माती, हेलिकॉप्टर शंभर फुटांवर. मागच्या दारातला क्रूमन, म्हणजे मागे बसणारा कर्मचारी, पट्ट्याने अडकलेला, डोकं बाहेर, इंटरकॉमवर एकसुरी आवाजात सांगतोय: ‘धूळ शेपटीशी... रॅम्पशी... मधल्या खिडकीशी... दाराशी... तुमच्यापाशी.’ शेवटच्या शब्दाला पुढची काच तपकिरी होते आणि वैमानिकाला काही म्हणजे काही दिसत नाही. आता फक्त आकडे ऐकू येतात, ‘दहा... आठ... सहा... चार...’ आणि मग चाकं टेकतात. या अर्ध्या मिनिटात हेलिकॉप्टर कोण उडवतंय? दांडा वैमानिकाच्या हातात असतो, एवढंच.

तिन्ही यंत्रांत ही मागची बाजू वेगवेगळी आहे. ब्लॅक हॉकमध्ये दोन वैमानिक आणि मागे दोन्ही खिडक्यांशी दोन क्रू चीफ. अमेरिकी सैन्यात हे क्रू चीफ हवेत पहारा देतात आणि जमिनीवर त्याच यंत्राची देखभालही करतात. ज्याने सकाळी बोल्ट आवळला तोच दुपारी त्यात बसून उडतो, यापेक्षा चांगली गुणवत्ता तपासणी मला माहीत नाही. चिनूकमध्ये दोन वैमानिकांमागे अमेरिकी पद्धतीत फ्लाइट इंजिनिअर आणि क्रू चीफ, ब्रिटिश पद्धतीत दोन क्रूमन. दार, रॅम्प आणि जमिनीतला हुकाचा झरोका, सगळीकडे नजर असते. एमआय-१७ मध्ये तिसरा माणूस पुढेच बसतो. दोन वैमानिकांच्या मधल्या आसनावरचा फ्लाइट इंजिनिअर इंजिनं सुरू करण्यात हात घालतो, तापमान-दाब बघतो, काही बिघडलं तर वैमानिकाचं डोकं मोकळं ठेवतो. ही फार चांगली सोय आहे. पण त्यामुळे मागे कोणी नसलं तरी चालेल, असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. एमआय-१७ घेताय तर दारात बसणारा चौथा माणूस हिशेबात धराच.

एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाणाऱ्या वैमानिकांची एक अडचण बाहेरच्यांना गंमत वाटेल. रशियन हेलिकॉप्टरचा रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, अमेरिकनचा उलट. म्हणजे ताकद वाढवली की ब्लॅक हॉकमध्ये डावा पाय दाबायचा, एमआय-१७ मध्ये उजवा. कप्तान रशियन यंत्रात डावीकडे बसतो, अमेरिकन यंत्रात बहुधा उजवीकडे. जुन्या एमआय-१७ मध्ये उंची मीटरमध्ये, वेग किलोमीटरमध्ये. हे सगळं पंधरा दिवसांत शिकता येतं. पण घाईच्या क्षणी पाय जुन्याच सवयीवर जातात, म्हणून प्रकार बदलायचा असेल तर सिम्युलेटरचे तास भरपूर लावा.

आणि कुठलंही यंत्र दरीतला ढग हटवत नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत ज्यात होते ते एमआय-१७ व्ही-५ कोसळलं. चौकशीत यांत्रिक बिघाड नाकारला गेला. हवामान अचानक बदलून हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि ते डोंगरावर आदळलं, असा निष्कर्ष निघाला.

हुकाबद्दल थोडं. लटकता भार जड असला की कठीण, हा गैरसमज आहे. जड आणि आटोपशीर भार सरळ लटकतो. त्रास देतात हलके आणि पसरट, वाऱ्यात पतंगासारखे डुलणारे. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी केदारनाथजवळ एमआय-१७ खाली बिघडलेलं छोटं हेलिकॉप्टर लटकवून नेत असताना तोल बिघडू लागला, आणि कर्मचाऱ्यांनी भार मोकळ्या दरीत सोडून दिला. कुणाला इजा झाली नाही. योग्य निर्णय! चिनूकला तीन हुक असल्यामुळे लांब भार पुढून-मागून धरता येतो, तो गिरक्या घेत नाही. खालच्या माणसाचाही विचार करा. फिरत्या रोटरमुळे हुकावर स्थिर वीज साठते, म्हणून आधी जमिनीला जोडलेला दांडा हुकाला लावून ती उतरवायची आणि मगच हात लावायचा. डोक्यावर बारा टनांचं यंत्र गर्जत असताना ही शिस्त पाळणारी माणसं तयार करायला वेळ लागतो.

सुट्या भागांच्या राजकारणावर लांबण लावत नाही. फिलिपिन्सने १६ एमआय-१७ चा करार २०२२ मध्ये रशियावरच्या निर्बंधांच्या भीतीने सोडला आणि ब्लॅक हॉकची संख्या वाढवली. पश्चिमेचं यंत्र घेतलं की प्रश्न मिटला असंही नाही. नॉर्वेने एनएच-९० हे युरोपीय हेलिकॉप्टर त्याच वर्षी परत करायचं ठरवलं, ऑस्ट्रेलियाने २०२३ मध्ये आपली एनएच-९० निवृत्त केली आणि ब्लॅक हॉककडे वळला. तीन इंजिनांचं एडब्ल्यू-१०१, वीस टन उचलणारं एमआय-२६ किंवा अमेरिकी सीएच-५३ के यांची गरज ज्यांना आहे त्यांना ती आधीच ठाऊक असते, हा लेख त्यांच्यासाठी नाही.

माझा कौल विचाराल तर: काम बहुतेक सखल भागात, लहान तुकड्या, झटपट ये-जा, रात्रीची उड्डाणं असतील तर ब्लॅक हॉक. आधीच एमआय-१७ असतील, तंत्रज्ञ तयार असतील आणि काम उंच डोंगरात असेल, तर ती विकण्याची घाई करू नका, सुट्या भागांचा साठा करा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मात्र आज मी एमआय-१७ सुचवणार नाही. तोफा, पुलाचे भाग, बुलडोझर हलवायचे असतील तर चिनूकला पर्याय नाही, पण दोनच घेऊ नका. एक तपासणीत आणि एक बिघडलेलं, असा दिवस येतोच. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांच्या युद्धावर जाणारं अटलांटिक कन्व्हेयर जहाज बुडालं, तेव्हा ब्रिटिशांची तीन चिनूक, सुटे भाग आणि अवजारं त्याच्यासोबत गेली. हवेत असलेलं एकच वाचलं. ते पुढचं युद्धभर राबलं खरं, बर्फाच्या वादळात रात्री समुद्राला टेकून परत वरही आलं. पण त्या शौर्याच्या भरवशावर खरेदीचा आराखडा करता येत नाही.

प्रात्यक्षिकाची तारीख ठरवताना सकाळचा गारवा टाळून दुपारची वेळ मागा, टाकी भरलेली मागा, जागा तुमची निवडा. आणि पुढच्या आसनासाठी अधिकाऱ्यांची झुंबड उडेल, तेव्हा तुमचा सगळ्यात नवा क्रूमन मागच्या दारात बसवा. परत आल्यावर आधी त्यालाच विचारा, तिथून काय दिसलं नाही.