सिडनीत हार्बर क्रूझ करणार असाल तर ट्रायबल वॉरियरची करा

पाहुणे आले की ऑपेरा हाऊस, ब्रिज, फेरी हे ठरलेलंच असतं. यावेळी आई-बाबांना घेऊन सर्क्युलर कीच्या धक्क्यावरून ट्रायबल वॉरियरची ॲबोरिजिनल (म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची) कल्चरल क्रूझ केली आणि खरं सांगते, पैसा वसूल.

ट्रायबल वॉरियर ही सिडनीतल्या रेडफर्न वस्तीच्या ॲबोरिजिनल लोकांनी १९९८ मध्ये स्वतः उभी केलेली संस्था, नफ्यासाठी चालवत नाहीत, टूरचे पैसे त्यांच्याच पोरांच्या ट्रेनिंग आणि मेंटॉरिंगला लागतात. बोट चालवायचं रीतसर शिक्षण देतात, सर्टिफिकेटसकट. हे वेबसाइटवर वाचून कळतं, पण बोटीवर ते डोळ्यांसमोर चालू असतं ना, ती मजा वेगळी.

माइक एका तरुण पोराकडे होता. सुरुवातीला आवाज बारीक, नजर खाली. बाजूला एक वयस्कर काका हाताची घडी घालून उभे. हार्बरमधल्या फोर्ट डेनिसन बेटापाशी पोरगा अडकला तर काकांनी एकच शब्द पुरवला आणि परत गप्प, माइक काही हातात घेतला नाही. आपल्याकडे एवढ्यात कोणीतरी "दे इकडे, मी सांगतो" केलंच असतं!

मग इथल्या मूळ गडिगल लोकांच्या बायका झाडाच्या सालीच्या होडीतून मासे धरायच्या, शिंपल्याचे गळ वापरायच्या, होडीत मातीवर विस्तव ठेवायच्या, असं त्याने सांगितलं. माझी आई मालवणची, तिला राहवतंय होय! "म्हणजे मासा तिथेच भाजायच्या? आणि होडी नाही पेटायची?" मी इंग्लिशमध्ये विचारलं तर पोरगा एकदम खुलला, हातवारे करून होडीत ओली माती कशी थापायची ते दाखवलं, पुढची दहा मिनिटं त्या दोघांचीच. पुढे क्लार्क आयलंडवर तोच अंगाला रंग लावून सगळ्यांसमोर नाचला आणि लाजणाऱ्या टुरिस्टांना ओढून नाचवलं. बाबांनाही.

रेडफर्नचा इतिहास माहीत असेल तर हे जास्त भिडतं. २००४ मध्ये एका १७ वर्षांच्या ॲबोरिजिनल मुलाच्या मृत्यूनंतर तिथे दंगल झाली होती, पोलीस आणि तिथल्या पोरांमधून विस्तव जात नव्हता. २००९ पासून याच संस्थेने पहाटेचं बॉक्सिंग ट्रेनिंग सुरू केलं, पोरं आणि पोलीस एकत्र घाम गाळतात. ते चालवणारे शेन फिलिप्स यांना २०१३ चा ऑस्ट्रेलियाचा 'लोकल हीरो' पुरस्कार मिळाला. भाषण कोणी देत नाही, पहाटे उठून यायचं, बस्स. सरकारी योजना येतात नि जातात, पण आपल्याच वस्तीतला मोठा माणूस रोज समोर उभा असला की पोरांना लाज पण वाटते आणि धीर पण येतो, असं माझं मत.

आता कामाचं. शॅम्पेन-लंचवाली क्रूझ हवी असेल तर ही तुमच्यासाठी नाही. वारा जोरात असतो, जॅकेट घ्या. बेटावर खडकाळ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी चांगले बूट घालावेत, आईने चपला घातल्या आणि मग माझा हात सोडला नाही. फोटो काढायच्या आधी विचारा. बुकिंग थेट त्यांच्याकडेच करा, मी भलत्याच एका साइटवरून केलं तर वर फी लावली त्यांनी. आणि प्रश्न भरपूर विचारा, मोडक्या इंग्लिशमध्ये विचारले तरी चालतात.