बोगद्यात शिरण्याआधी कुठला अल्बम उतरवून घ्यावा?

माझा भाचा चिपळूणला शिकतो आणि शनिवारी कोकण रेल्वेने कुडाळला घरी येतो. उक्षी सोडली की साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा लागतो, रेंज जाते, आणि पुढेही बोगद्यामागून बोगदे आहेतच. म्हणून गाणी आधीच मोबाइलवर उतरवून ठेवावी लागतात. परवा त्याने विचारलं, "मामा, सुटी रॅप गाणी खूप झाली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूत्र धरणारा अल्बम सांग." फोनवर जे सांगितलं ते अर्धवट होतं, म्हणून हे सविस्तर.

आधी माझी फूटपट्टी. आमच्या दशावतारात लिहिलेली संहिता नसते. रंगपटात आख्यान ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. तरी पहाटेपर्यंत नाटक विस्कटत नाही, कारण प्रत्येक प्रवेशात गोष्ट कुठेतरी सरकलेली असते. राक्षस नुसताच गर्जून गेला की माणसं चहाला उठतात. अल्बमलाही मी हेच लावतो. मधलं एक गाणं काढून टाकलं, तर पुढच्याचं काही अडतं का?

या कसोटीवर सगळ्यात घट्ट म्हणजे द स्ट्रीट्सचा 'अ ग्रँड डोन्ट कम फॉर फ्री' (2004). द स्ट्रीट्स म्हणजे बर्मिंगहॅममध्ये वाढलेला माइक स्किनर. गोष्ट एवढीच, की घरातले हजार पौंड गायब झालेत. पहिल्याच गाण्यात डीव्हीडी परत करायची राहते, फोनची बॅटरी संपते, घरी येऊन बघतो तर पैसे नाहीत. पुढे प्रेम जुळतं, मोडतं, मित्रांवर संशय येतो, आणि हजार पौंडांची टोचणी कायम राहते. शेवटच्या गाण्याला दोन शेवट आहेत. एकात तो टीव्ही दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी मारामारी करून एकटा पडतो. मग टेप मागे फिरते. दुसऱ्यात तो मित्राची मदत घेतो, टीव्हीची मागची बाजू उघडतात, आणि पैसे तिथेच पडलेले सापडतात. अकरा गाणी, एकही काढता येत नाही. पण खरं सांगायचं तर ताल साधे आहेत आणि स्किनर गातो त्यापेक्षा बोलतोच जास्त. त्याचे उच्चार कानावर बसायला दोन फेऱ्या लागतात. गोष्ट कळली की परत परत लावावंसं वाटेलच असं नाही.

अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारच्या 'गुड किड, मॅड सिटी'चं (2012) तसं नाही. तो मी कितीदा ऐकला याचा हिशेब नाही. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधला एक पोरगा आईची व्हॅन घेऊन मुलीला भेटायला जातो. पहिलं गाणं संपताना आईचा व्हॉइसमेल येतो की व्हॅन हवी होती, कुठे आहेस? मागून बाबा आपल्या डॉमिनोच्या, म्हणजे खेळायच्या सोंगट्यांबद्दल ओरडत असतो. ऐकताना हसूच येतं. पण तीच व्हॅन, त्याच घरातले आवाज मध्ये मध्ये येत राहतात आणि दर वेळी त्यांचं वजन वाढतं. दारूवरच्या गाण्याच्या शेवटी गोळीबारात मित्राचा भाऊ डेव्ह मरतो. पुढचं बारा मिनिटांचं गाणं त्या मरणाभोवती फिरतं. अल्बमच्या अगदी सुरुवातीला पोरांची जी प्रार्थना ऐकू येते, ती कुठून आली हे इथे कळतं. एक म्हातारी रस्त्यावरच त्यांच्याकडून ती म्हणवून घेते. घटना क्रमाने येत नाहीत, तरी धागा सुटत नाही. विषय मोठा आहे, पण तो बांधलाय घरच्या भांडणाने.

त्याचाच 'टू पिंप अ बटरफ्लाय' (2015) अनेकांना त्याहून मोठा वाटतो, आणि संगीत म्हणून मलाही वाटतो. इथे गोष्टीऐवजी कविता आहे. ती अनेक गाण्यांच्या शेवटी थोडी थोडी पुढे सरकते, बुवा धृपद धरून एकेक चरण पुढे जातात तशी. शेवटी कळतं की केंड्रिक ती रॅपर तुपाकला वाचून दाखवत होता. 1996 मध्ये गेलेल्या तुपाकचा आवाज 1994 च्या मुलाखतीतून घेतलाय. शेवटी केंड्रिक हाक मारतो आणि उत्तर येत नाही. अंगावर काटा येतो, वाद नाही. पण कसोटी लावली तर मधली एक-दोन गाणी काढूनही कविता तशीच उभी राहते. धागा कुठे कुठे वरून शिवलाय. शिवाय जवळजवळ 79 मिनिटं. जॅझची सवय नसेल तर रत्नागिरीपर्यंतच दमछाक.

द रूट्स या अमेरिकी हिप-हॉप बँडचा 'अनडन' (2011) छोटा आहे, साधारण 39 मिनिटं. रेडफर्ड स्टीफन्स या काल्पनिक तरुणाचं आयुष्य तो मरणापासून उलटं सांगतो. कल्पना सुंदर, पण रेडफर्ड मला कधी दिसलाच नाही. त्याची व्हॅन कुठली, आई कशी बोलते, काही नाही. नाव पाठ झालं, माणूस नाही.

म्हणून भाच्याला सांगितलं, गोष्टच ऐकायची असेल तर स्किनर, रात्री दिवे घालवून एकटा ऐकणार असशील तर 'बटरफ्लाय', आणि एकच घ्यायचा असेल तर 'गुड किड'. शब्द समोर ठेवून ऐक.

त्याने 'गुड किड' उतरवला. शफल बंद करायला मात्र विसरला. सावर्डं येईपर्यंत डेव्ह मेला होता, आणि आईने अजून व्हॅन मागितलीही नव्हती.