केआर ८७ एडीएफ: सुई डोळ्यांना, आयडेंट कानाला

जुनं सेस्ना १७२ किंवा पायपर विमान घ्यायला निघालात, तर पॅनेलवर बेंडिक्स किंगचा केआर ८७ भेटण्याची शक्यता बरीच आहे. हा एडीएफ, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची दिशा सुईने दाखवणारा डबा. सोबत केआय २२७ इंडिकेटर आणि केए ४४बी अँटेना. लूप आणि सेन्स या दोन्ही अँटेना या एकाच खोक्यात असतात, त्यामुळे जुन्या एडीएफसारखी शेपटापर्यंत ताणलेली तार लागत नाही. २०० ते १७९९ किलोहर्ट्झपर्यंत एकेक किलोहर्ट्झने ट्यून होतो. एनडीबी (विमानांना दिशा देणारी जमिनीवरची रेडिओ केंद्रं) मिळतातच, शिवाय मीडियम वेव्हवरची आकाशवाणीही लागते. गाण्यांवर सुई सुरेख स्थिरावते, पण त्यावर मार्ग काढू नये: ते केंद्र मोर्समध्ये स्वतःचं नाव सांगत नाही, आणि त्याचा ट्रान्समीटर शहरात नसून कुठेतरी बाहेरच्या माळावर असू शकतो.

यंत्र म्हणून हा डबा चांगलाच आहे. डावीकडे चालू फ्रिक्वेन्सी, उजवीकडे राखीव. एफआरक्यू बटण दाबलं की अदलाबदल. बाहेरच्या मोठ्या नॉबने शेकडे बदलतात. आतला लहान नॉब आत असताना दशक फिरतात आणि बाहेर ओढला की एकक. दोन घड्याळंही आहेत. उड्डाणाचं घड्याळ डबा सुरू झाल्यापासून चालतं आणि डबा बंद केल्याशिवाय शून्यावर येत नाही. दुसरं ईटी, म्हणजे गेलेला वेळ मोजणारं: एसईटी/आरएसटी बटण दोनेक सेकंद दाबून धरलं की ईटी ही अक्षरं लुकलुकतात, मग नॉबने ५९ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंत वेळ लावायची आणि तेच बटण दाबून उलटी मोजणी सुरू करायची. होल्डिंगमध्ये, म्हणजे हवेतच फेऱ्या मारत थांबताना, एका मिनिटाच्या सरळ टप्प्याला याच्याइतकं सोयीचं घड्याळ पॅनेलवर दुसरं नसतं.

याच सोयीत एक खड्डा आहे. उजव्या खिडकीत घड्याळ दिसत असताना नॉब फिरवला, तर राखीव फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही, थेट चालू फ्रिक्वेन्सी बदलते. म्हणजे पुढचा एनडीबी लावायला गेलात आणि वापरातला हातचा घालवलात. सुई लगेच भिरभिरेल असंही नाही. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरचं एखादं दूरचं केंद्र तिला अलगद धरून ठेवतं. म्हणून नॉबला हात लावण्याआधी एफआरक्यू एकदा दाबून उजवीकडे राखीव आकडा आणायचा, मग फिरवायचं.

आता मूळ दुखणं, आणि ते केवळ केआर ८७ चं नाही, एडीएफ या जातीचंच आहे: सिग्नल गेल्याचं सांगणारं निशाण यावर नाही. व्हीओआर (दिशा देणारं दुसऱ्या प्रकारचं रेडिओ केंद्र) बंद पडला की लाल झेंडा येतो किंवा ‘नॅव्ह’ लिहिलेलं पान सरकतं. इथे एनडीबी बंद पडला तरी सुई शेवटच्या जागी शांत उभी राहू शकते, आणि बघणाऱ्याला वाटतं, वा, काय स्थिर बेअरिंग आहे! त्यामुळे एनडीबी अॅप्रोचवर (एनडीबीच्या आधाराने उतरताना) आयडेंट, म्हणजे केंद्राची मोर्समधली ओळख, बारीक आवाजात सतत कानात ठेवायचा. मोर्स थांबला की सुईचं सांगणं संपलं.

ट्यून करताना एडीएफ बटण बाहेर काढून एएनटीवर (फक्त ऐकण्याच्या स्थितीवर) यावं. आवाज स्वच्छ येतो, आयडेंट नीट ऐकू येतो, आणि सुई उजवीकडे ९० अंशांवर जाऊन उभी राहते. खात्री पटली की बटण पुन्हा आत. सुईने न रेंगाळता केंद्राकडे वळायला हवं. ती अडखळत गेली, पुढेमागे झुलली किंवा उलटी फिरली, तर सिग्नल अशक्त आहे किंवा यंत्रात बिघाड. ही दहा सेकंदांची चाचणी प्रत्येक नव्या केंद्रावर करावी. एडीएफ बटण बाहेरच राहून गेलं तर सुई ९० वर थिजलेली असते, आणि एनडीबी खरंच उजव्या पंखाच्या टोकाला असेल तर ती चूक कळणारही नाही. बीएफओ बटण फक्त विनामॉड्युलेशन, म्हणजे नुसती लहर चालू-बंद करून, आयडेंट देणाऱ्या केंद्रांसाठी. एरवी ते आत राहिलं, तर कानात सलग शिट्टी वाजते आणि मोर्स तिच्यात बुडतो.

सुई फसते कुठे? वळणात ती खालच्या पंखाकडे झुकते, तेव्हा पंख समपातळीत आल्यावरच वाचा. पावसाळ्यात क्युम्युलोनिम्बस (गडगडाटी ढग) जवळ असेल, तर प्रत्येक विजेसरशी ती ढगाकडे ओढली जाते. स्टॉर्मस्कोप (विजा शोधणारं यंत्र) नसलेल्या विमानात ही खोड उपयोगीही पडते, पण मार्गासाठी त्या वेळी एडीएफ विसरावा. सूर्यास्त आणि सूर्योदयाच्या सुमारास वरच्या वातावरणातून परतणाऱ्या आकाशलहरी जमिनीवरून येणाऱ्या लहरींत मिसळतात आणि सुई झोके घेते. हे टाळायचं तर जवळचा एनडीबी निवडायचा. किनाऱ्यावर लहर वाकते: कोकणपट्टीला समांतर, समुद्रावरून उडत आतल्या भागातल्या केंद्राचं बेअरिंग घेतलंत, तर नकाशावर तुम्ही प्रत्यक्षापेक्षा किनाऱ्याजवळ दिसता. अगदी किनाऱ्यालगतच्या केंद्राचं किंवा किनारा काटकोनात छेदणारं बेअरिंग घेतलं की चूक कमी होते.

पल्ल्याचा अंदाज डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परीक्षेतल्या त्याच सूत्राने येतो: वॅटच्या वर्गमूळाची जमिनीवर दुप्पट, समुद्रावर तिप्पट, नॉटिकल मैलांत. २५ वॅटचा एनडीबी म्हणजे जमिनीवर १० मैल. त्यापलीकडे सुई जे दाखवेल ते नशीब.

केआय २२७ च्या साध्या प्रकारात तबकडी हाताने फिरवावी लागते. हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) वर आणलं की सुईचं टोक थेट क्यूडीएम (केंद्राकडे जाण्याची चुंबकीय दिशा) देतं. तबकडी शून्यावरच ठेवत असाल तर हेडिंग आणि सुई यांची बेरीज करा. ०९० क्यूडीएम धरायचा आहे, ९० नॉट वेग, डावीकडून १५ नॉटचा आडवा वारा: १५ भागिले ९० गुणिले ६०, म्हणजे १० अंश. हेडिंग ०८०, सुई ०१० वर, बेरीज ०९०. सुई सतत नाकावर ठेवत गेलात तरी पोहोचाल, पण वाऱ्याने ढकललेल्या वाकड्या वाटेने, आणि खाली डोंगर असेल तर ती वाट परवडणारी नाही.

जीपीएस असताना हे सगळं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पश्चिम आशियातल्या जीपीएस स्पूफिंगच्या (खोट्या सिग्नलने जीपीएसला फसवण्याच्या) बातम्यांनंतर डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढलं. पडद्यावरचं विमान नकाशावर भलतीकडे सरकत असताना उपग्रहाशी संबंध नसलेली एक दिशा हाताशी असणं मोलाचं आहे. मात्र त्यासाठी पहिली पसंती व्हीओआर आणि डीएमईला (केंद्रापासूनचं अंतर सांगणाऱ्या यंत्राला). एडीएफ हा तिसरा साक्षीदार, आणि एनडीबी जगभर एकेक करून बंद होत असल्याने तो साक्षीला दर वेळी हजर राहीलच असं नाही. निघण्यापूर्वी नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या सूचनांत) त्या एनडीबीचं नाव शोधायलाच हवं.

म्हणून नव्याने बसवण्यासाठी पैसे घालू नयेत. विमानात आधीच असेल आणि नीट चालत असेल तर काढूही नये. जुना घेताना अंधारात आकडे पाहा: डिस्प्ले गॅस डिस्चार्जचा आहे, वय झालं की आकड्यांचे तुकडे मंद होतात किंवा गळतात, आणि ३ की ८ हे ओळखू येत नाही. केए ४४बीच्या कडेचं सीलंट भेगाळलंय का आणि तळाचा पत्रा गंजलाय का, ते बोटाने तपासा. अर्थिंग खराब झालं की सुई दुबळी पडते. इंजिन चालू ठेवून आधी आरपीएम वाढवा, मग क्षणभर अल्टरनेटर बंद करा. कानातली शिट्टी थांबली आणि सुई जागेवर आली, तर दोष डब्यात नाही, अल्टरनेटरच्या फिल्टरमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. ती दुरुस्ती पुष्कळ स्वस्तात होते. शेवटी स्ट्रोब (विमानाचे लखलखणारे दिवे) लावून तीच चाचणी पुन्हा करा.