ट्रॅव्हर्स सिटीचं जुनं मेंटल हॉस्पिटल: आई-बाबांना घेऊन जाण्यासारखं आहे का? (५ पैकी ४)

अमेरिकेत मिशिगनमधली, डेट्रॉइट साइडची आपली मंडळी चार तास गाडी हाणत ट्रॅव्हर्स सिटीला जातात, बीच, चेरी आणि स्लीपिंग बेअरचे वाळूचे डोंगर एवढं उरकतात आणि परत फिरतात. 'द व्हिलेज ॲट ग्रँड ट्रॅव्हर्स कॉमन्स' बहुतेकांचं राहूनच जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

तर हे मूळचं मनोरुग्णांचं सरकारी हॉस्पिटल. १८८५ ला सुरू झालं, १९८९ ला बंद पडलं, आणि आता त्याच इमारतींत दुकानं, रेस्टॉरंट, ऑफिसं आणि चक्क लोकांचे राहते फ्लॅट आहेत. गाडीत बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "अरे, ठाण्याला टाकायचं सोडून मला एवढ्या लांब कशाला आणलंस?" आई पूर्ण रस्ताभर गप्प होती, तिला हे असलं काही बघायचंच नव्हतं. पोचल्यावर मात्र सगळ्यात जास्त वेळ तिनेच काढला.

मेन बिल्डिंगचं नाव नुसतं बिल्डिंग ५०. फिकट पिवळसर विटा, वर लाल टोकदार मनोरे, आणि लांबी म्हणाल तर साधारण पाव मैल, एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक झाडांआड जातं. त्या काळी अशी हॉस्पिटलं बांधायची कर्कब्राइड पद्धत होती, म्हणजे वॉर्ड एका सरळ रेषेत न बांधता थोडे थोडे मागे सरकवत बांधायचे, म्हणजे प्रत्येक खोलीला उजेड आणि वारा मिळतो. त्यामुळे आज आत कपड्यांचं दुकान असो की कुणाचं ऑफिस, खिडक्या उंचच्या उंच आणि भिंती एवढ्या जाड की आई खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसली. पहिले सुपरिंटेंडंट डॉ. जेम्स डेकर मन्सन, हे १९२४ पर्यंत तिथे होते, त्यांचं म्हणणं असं की सुंदर परिसर हाच उपचार, पेशंटला बांधून ठेवायचं नाही. त्यांनी कुठून कुठून आणून लावलेली झाडं आता प्रचंड झालीयत, त्यांच्या सावलीत फुकट फिरता येतं, हा माझ्या मते इथला सगळ्यात भारी भाग.

हॉस्पिटलची स्वतःची शेती होती, फळबागा, भाजीपाला, कोंबड्या, गोठा, आणि काम करायला पेशंटच. १९५९ ला पेशंटची संख्या जवळपास ३ हजारावर गेली होती, मग नवीन औषधं आली, कायदे बदलले, पैसे आटले, आणि एवढा मोठा पसारा हळूहळू रिकामा होत गेला. आजूबाजूला सगळी चेरीची शेती, गाव तसं छोटं (आजही वस्ती १५-१६ हजारच), आणि एके काळी गावातली सर्वात जास्त माणसं ज्या एका ठिकाणी नोकरीला होती तेच बंद झालं. पुढची दहा-बारा वर्षं छप्पर गळतंय, काचा फुटल्यायत, पाडून टाका म्हणणारे भरपूर. पण गावातलेच काही लोक पाडायला देईनात, आणि २००० च्या आसपास रे मिनर्विनी नावाचा डेव्हलपर पुढे आला. त्याने सगळं एकदम करायला घेतलं नाही हे मला पटलं. एक भाग दुरुस्त करायचा, तो विकायचा किंवा भाड्याने द्यायचा, मग पुढचा. शिवाय ऐतिहासिक इमारतींना मिळणारी टॅक्सची सवलत. बाबा आयुष्यभर पीडब्ल्यूडीत होते, ते म्हणाले आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय नव्या इमारतीत गेलं की जुनीला कुलूप लागतं, निर्लेखनाची, म्हणजे इमारत मोडीत काढायची, फाइल फिरत राहते आणि तोवर आत पिंपळ उगवतो, इथे निदान आधी भाडेकरू शोधला.

तळघराच्या लेव्हलला मर्काटो म्हणून दुकानांची लांब गल्ली आहे, डोक्यावरून जुने पाइप गेलेत, विटांच्या कमानी तशाच ठेवल्यायत. त्याच इमारतीत ट्रॅटोरिया स्टेला हे इटालियन रेस्टॉरंट. बाहेर हॉस्पिटलच्या जुन्या लाँड्रीत लेफ्ट फूट चार्ली ही वायनरी, आणि विटांच्या भट्टीतला ब्रेड हवा असेल तर प्लेझंटन बेकरी. बाबांनी त्या ब्रेडला "पाव बरा आहे, जरा करपलाय" असं सर्टिफिकेट दिलं आणि अर्धा एकट्याने संपवला. थंडीत शनिवारचा शेतकरी बाजार मर्काटोत आत भरतो, बाहेर बर्फ असताना आत बटाटे, मध, सफरचंदं. आणि हे टुरिस्टांपुरतं नाहीये, आम्ही गेलो तेव्हा पिशव्या घेऊन आलेल्या स्थानिक आज्या जास्त होत्या, एकमेकींना नावानं हाका मारणाऱ्या.

आता पैसे देऊन करायची गोष्ट म्हणजे गाइडेड टूर. दुरुस्त न झालेला भाग दाखवतात, तिथे रंगाचे पापुद्रे तळहाताएवढे सुटून लोंबतायत, आणि शेवटी १८८३ चा विटांचा बोगदा, ज्यातून वाफ नेऊन सगळी इमारत गरम करायचे. भुताखेताच्या अपेक्षेने जाल तर निराश व्हाल. गाइडने इतिहास नीट सांगितला, चांगलं आणि वाईट दोन्ही.

आई रमली ती गायीपाशी. ट्रॅव्हर्स कोलांथा वॉकर नावाची हॉस्पिटलची चॅम्पियन गाय, १९१६ ते १९३२, जन्मभरात २ लाख पौंडांच्या वर दूध दिलं, म्हणजे साधारण ९० हजार किलो. जुन्या गोठ्यांजवळ तिची रीतसर समाधी आहे, कोरलेल्या दगडासकट. गोठे पण पाडले नाहीत, तिथे आता बोटॅनिक गार्डन आहे. आईने दगडाला हात लावून नमस्कार केला, शेजारची अमेरिकन बाई बघतच राहिली. मी मात्र त्यानंतर दिवसभर शोधत होतो, त्या गायीला दोहणाऱ्या पेशंटपैकी एकाचं तरी नाव कुठे लावलंय का. मला तरी दिसलं नाही. दुकानांत त्या मनोऱ्यांची चित्रं विकायला आहेत, पण जे लोक वीस-वीस वर्षं या खोल्यांत राहिले ते कोण होते हे टूरचं तिकीट काढल्याशिवाय फारसं कळत नाही. अर्धा स्टार त्याचा कापलाय.

उरलेला अर्धा किमतींचा. परिसरातल्या एका ठिकाणी (नाव नको) साधं सँडविच आणि सूपला जे बिल आलं ते बाबांनी मनातल्या मनात रुपयांत केलं आणि नंतर जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत. आणि वरचे फ्लॅट सुंदर आहेत, पण चेरीच्या बागेत काम करणाऱ्या माणसाला परवडतील असे मला वाटले नाहीत. गावासाठी वाचवलेली इमारत म्हणायची तर हा प्रश्न विचारायलाच हवा. तरी रिकामी पडून पावसात सडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, यावर आमच्या घरात एकमत आहे, जे सहसा होत नाही.

जाणाऱ्यांसाठी: जुलैत चेरी फेस्टिव्हल असतो तेव्हा पार्किंगचा पार बोऱ्या वाजतो, शक्यतो सप्टेंबर-ऑक्टोबर धरा, झाडांचे रंगही मिळतात. टूर आधी बुक करा. चालायचं भरपूर आहे, गुडघ्याचा त्रास असलेल्यांना टूरला नेऊ नका, मर्काटोत कॉफी देऊन बसवा. बोगद्यात गार लागतं, स्वेटर ठेवा. व्हेज खाणाऱ्यांचे हाल होत नाहीत, पण तिखटाची पुडी खिशात असू द्या.