लायसन्स द्यावं की स्वतःची कंपनी काढावी?

प्रयोगशाळेत काहीतरी हाती लागलंय आणि विद्यापीठाच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयातून विचारणा झालीय: एखाद्या चालू कंपनीला लायसन्स, म्हणजे शोध वापरायची परवानगी देऊन मोकळे होणार, की स्पिन-ऑफ, म्हणजे या शोधावर स्वतःची नवी कंपनी काढणार? बहुतेक संशोधक लगेच पैशांचा हिशेब मांडतात. मी आधी वेगळंच विचारेन. हे ज्ञान कागदावर उतरतं का, की ते कुणाच्या तरी हातात आहे?

एकाच शोधाने दोन्ही वाटा धरल्याचं उदाहरण आहे. डीएनए कापून जोडण्याचं तंत्र स्टॅनली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ मध्ये मांडलं. कोहेन यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने त्याचं लायसन्स एकाच कंपनीला न देता मागेल त्याला दिलं. सुरुवातीची फी होती फक्त १० हजार डॉलर. पेटंटची मुदत संपेपर्यंत ४६८ कंपन्यांनी लायसन्स घेतलं आणि सुमारे २५.५ कोटी डॉलर जमा झाले. हे जमलं, कारण कृती वाचून कुठलीही बरी प्रयोगशाळा ती करू शकत होती.

पण त्याच तंत्राने जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेणं पेटंट वाचून जमणारं नव्हतं. त्यासाठी १९७६ मध्ये बॉयर यांनी गुंतवणूक क्षेत्रातल्या रॉबर्ट स्वॉन्सन यांच्यासोबत जेनेनटेक ही कंपनी काढली. १९७८ मध्ये इन्सुलिन तयार झालं. आणि मग गंमत बघा, मोठ्या प्रमाणावर उत्पादन करायला जेनेनटेकने ते लायसन्सवर एली लिली या औषध कंपनीला दिलं. १९८२ मध्ये औषधाला मंजुरी मिळाली.

तुमच्याकडे बघा. समजा, तुमचा नमुना फक्त एकाच पीएचडी विद्यार्थिनीच्या हातून नीट बनतो, वहीत ‘हलकेच ढवळा’ एवढंच लिहिलंय आणि हलकेच म्हणजे किती ते तिलाच ठाऊक. असं असेल तर लायसन्स घेणाऱ्याच्या हाती अर्धाच माल पडेल. इथे कंपनीच हवी, आणि तिच्यात ती विद्यार्थिनीही हवी. उलट, शोध म्हणजे एखादं अल्गोरिदम किंवा मोजमापाची पद्धत असेल आणि बाजारात ती वापरणारे आधीपासून असतील, तर कंपनीचा खटाटोप कशाला?

घेणारं कुणी नसेल तर मात्र गणित उलटतं. स्टॅनफर्डचे विद्यार्थी लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी इंटरनेटवर माहिती शोधायचं आपलं तंत्र आधी चालू कंपन्यांना विकायचा प्रयत्न केला, कुणी घेतलं नाही, मग १९९८ मध्ये गूगल उभी राहिली. पेटंट स्टॅनफर्डचंच होतं. म्हणजे स्पिन-ऑफ काढली तरी लायसन्स घ्यावंच लागतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विद्यापीठाने मोबदल्यात शेअर घेतले आणि २००५ पर्यंत ते विकून सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळवले. हा आकडा तुमच्या हिशेबात धरू नका. बहुतेक स्पिन-ऑफ याच्या जवळपासही पोचत नाहीत.

वेळेचं बोलायचं तर लायसन्समध्ये करार झाला की तुमचं काम अधूनमधून सल्ला देण्यापुरतं उरतं. कंपनीत मात्र गुंतवणूकदार पहिल्याच भेटीत विचारतो, पूर्णवेळ कोण? ‘मी शिकवून उरलेल्या वेळात बघेन’ हे उत्तर चालत नाही. प्राध्यापकाने सल्लागार राहावं आणि धुरा दुसऱ्या कुणी वाहावी, हे मला सगळ्यात बरं वाटतं. त्यात विद्यापीठाने आणि नुसत्या सल्लागारांनी मिळून कंपनीच्या मालकीतला मोठा हिस्सा सुरुवातीलाच घेतला, तर राबणाऱ्यांना उरतं काय? ते बघून पुढचे गुंतवणूकदारही बिचकतात.

वाट कुठलीही धरा, पेटंटचा अर्ज आधी आणि शोधनिबंध नंतर. कोहेन-बॉयर यांचा निबंध आधी छापून आला. अमेरिकेत निबंध छापल्यावरही एक वर्षापर्यंत अर्ज करायची सवलत असल्याने तिथला अर्ज निभावला, बाहेरच्या देशांतले हक्क मात्र गेले. तेव्हा पुढच्या परिषदेसाठी गोषवारा पाठवायचा असेल, तर तो दोन दिवस थांबवा आणि आधी तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयात दाखवा.