टॉपरच्या फोटोखालची बारीक अक्षरं वाचा

दहावीचा निकाल लागला की ठाण्यात गोखले रोडपासून घोडबंदरपर्यंत हसऱ्या चेहऱ्यांचे फलक लागतात. गेल्या वर्षी आमच्या मुलीने अकरावी सायन्ससाठी जे 'इंटिग्रेटेड' (म्हणजे कॉलेज आणि प्रवेशपरीक्षेचा खासगी क्लास एकत्र) कॉलेज निवडलं, त्याच्याही फलकावर अशीच रांग होती. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडचा दर तिसरा मुलगा आयआयटी नाहीतर एनआयटी." फी लाखांत, वर 'आज भरलीत तरच' अशी सवलत. उरलेल्या पैशांसाठी टॅबवर सह्या घेतल्या.

दोन महिन्यांनी सोसायटीतल्या एका काकूंना त्या फलकावर आपला मुलगा दिसला. त्या हसल्याच. "अहो, तो दादरच्या क्लासला होता. इथली फक्त टेस्ट सिरीज घेतली, तीही शेवटी शेवटी." त्याच मुलाचा फोटो दादरच्या क्लासच्या जाहिरातीतही होता. एका मुलाची एकच सीट, पण ती दोन ठिकाणी मोजलेली.

मग मी फलक नीट वाचला. '१०० पर्सेंटाइल' ठळक, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'फिजिक्स'. जेईई मेन या इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत विषयवार पर्सेंटाइलही (म्हणजे किती टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे) मिळतो. एकाच विषयातल्या शंभरावर कुठेच प्रवेश मिळत नाही. एकूण ९९ पर्सेंटाइलही ऐकायला वाटतं तेवढं मोठं नाही. २०२५ मध्ये मेनला १४ लाखांहून जास्त मुलं बसली, म्हणजे ९९वाल्याच्या पुढे साधारण १४ हजार जण. आणि सगळ्यात लबाड ओळ म्हणजे 'ॲडव्हान्स्डसाठी पात्र'. ॲडव्हान्स्ड म्हणजे मेननंतरची, आयआयटी प्रवेशाची परीक्षा. तिला पात्र होतात सुमारे अडीच लाख मुलं, आयआयटीच्या जागा १८ हजारांच्या आसपास. 'दर तिसरा' बहुधा या पात्रतेतून आला असावा.

वर्गात तर वेगळीच तऱ्हा. चांगले सर पहिल्या बॅचला. मुलीच्या बॅचचे फिजिक्सचे सर दिवाळीत सोडून गेले, त्यांच्या जागी नुकताच इंजिनिअर झालेला एक मुलगा आला. बिचारा मेहनती होता, पण स्वतःच वही बघून गणितं सोडवायचा.

प्रवेश रद्द करायला गेलो तेव्हा पावत्यांचा खेळ समजला. कॉलेजच्या नावाची पावती किरकोळ रकमेची. बाकी सगळी फी क्लास चालवणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर. कॉलेज म्हणतं, क्लासचं आम्हाला ठाऊक नाही. क्लास म्हणतो, प्रवेश कॉलेजने दिलाय, त्यांना विचारा. टॅबवरच्या सह्या फायनान्स कंपनीच्या कर्जाच्या निघाल्या. क्लासला पैसे केव्हाच पोचले होते आणि हप्ते आमच्या खात्यातून जात होते. अर्जाच्या मागे छापलेलं होतं: 'कोणत्याही परिस्थितीत फी परत मिळणार नाही.'

या वाक्याला घाबरू नका. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पूर्ण फी भरून मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत द्यावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही नियम काढले: यशस्वी मुलाच्या फोटोसोबत त्याने कोणता कोर्स केला आणि तो पैसे भरून केला का, हे ठळक द्यायचं, शिवाय निकालानंतर मुलाची लेखी संमती घ्यायची. काकूंच्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर क्लासने दुसऱ्या वर्षाची फी परत केली, तीही 'प्रक्रिया शुल्क' कापून. कापलेल्या रकमेसाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय.

तुम्ही चौकशीला जाल तेव्हा टॉपर किती हे विचारू नका. याच शाखेत गेल्या वर्षी बारावीला एकूण किती मुलं होती, त्यातली दोन्ही वर्षं इथेच बसलेली किती, आणि त्यांना जागा कुठे मिळाल्या, हे लेटरहेडवर मागा. फलकाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण पुढे तो उतरतो आणि 'असं आम्ही म्हटलंच नव्हतं' सुरू होतं. मुलीच्या मैत्रिणीच्या आईने सहज काढलेला फोटो होता, म्हणून आमच्या तक्रारीत काही जीव आला.