पायथॉन ३.१० वरून ३.१२ वर जाताना ‘यूव्ही’ : द्राक्ष पॅकहाउसच्या सर्व्हरवरील वापरानंतरचा अभिप्राय

नाशिक जिल्ह्यात द्राक्षाचा हंगाम साधारण एप्रिलमध्ये आटोपतो आणि ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत पॅकहाउसच्या संगणकांवर फारसा भार नसतो, त्यामुळे सर्व्हरची मोठी कामे याच काळात उरकावी लागतात. आमचे वजनकाट्याच्या नोंदी ठेवणारे, शीतगृहाच्या तापमानाचा तक्ता काढणारे आणि दिंडोरी परिसरातील बागांचे नकाशे तयार करणारे प्रोग्रॅम पायथॉन या संगणक भाषेत आहेत व ते अंबड औद्योगिक वसाहतीतील कार्यालयात उबुंटू २२.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालत होते. या उबुंटूबरोबर पायथॉन ३.१० येतो आणि मूळ पायथॉन प्रकल्पाकडून त्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळण्याची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, म्हणून उबुंटू २४.०४ आणि त्याबरोबरचा पायथॉन ३.१२ स्वीकारणे भाग होते. या स्थलांतरासाठी वापरलेल्या ‘यूव्ही’ या साधनाविषयी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण प्रोग्रॅमांना लागणाऱ्या पॅकेजांच्या (तयार कोड-संचांच्या) अशा जुन्या याद्या सांभाळणारी छोटी कार्यालये सातपूर आणि अंबडमध्ये बरीच असतील आणि भाषेची आवृत्ती बदलताना पॅकेजांचे जे तंटे उभे राहतात ते त्यांनाही चुकणार नाहीत.

यूव्ही हे साधन ॲस्ट्रल या कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. ते रस्ट भाषेत लिहिलेले असून मुक्त परवान्याखाली मोफत मिळते. सुरुवातीला ते मुख्यतः पिप या पॅकेजे बसवणाऱ्या नेहमीच्या साधनाची जागा घेत होते. ऑगस्ट २०२४ मधील ०.३ या आवृत्तीपासून पायथॉनच्या निरनिराळ्या आवृत्त्या बसवणे, प्रकल्पाची यादी सांभाळणे आणि सर्व पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या लॉक फाइलमध्ये गोठवणे ही कामेही तेच करते. त्याच्या वेगाची चर्चा सर्वत्र होते आणि ती योग्य आहे, परंतु माझ्या मते ते त्याचे दुय्यम वैशिष्ट्य आहे. भाषा बदलताना खरी गरज असते ती कोणते पॅकेज कोणाला अडवून धरत आहे हे स्पष्ट कळण्याची, आणि या एका गुणासाठी मी हे साधन निवडण्याचा सल्ला देईन.

त्याआधी सिस्टिमच्या पायथॉनविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक बिघाडांची सुरुवात तेथून होते. उबुंटूमधील कितीतरी अंतर्गत साधने आपल्याबरोबर आलेल्या पायथॉनवरच उभी असतात. नवी आवृत्ती शेजारी बसवून ‘पायथॉन३’ हे नाव तिच्याकडे वळवले की एपीटीशी (उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाशी) संबंधित काही स्क्रिप्ट आपले मॉड्यूल सापडत नसल्याची तक्रार करू लागतात, आणि मग प्रश्न आपल्या प्रोग्रॅमपुरता राहत नाही. बागाईतदारांच्या भाषेत सांगायचे तर सिस्टिमचा पायथॉन हा डॉगरीजचा खुंट आहे. वर थॉमसनचे कलम करावे की सोनाकाचे हे आपण ठरवावे, पण खुंटाला हात लावू नये. उबुंटू २४.०४ मध्ये तर सिस्टिमच्या जागेत पिपने काही बसवायला गेल्यास हे वातावरण (पायथॉन व त्याच्या पॅकेजांचा संच) बाहेरून सांभाळले जाते असा संदेश येऊन काम थांबते. हा नकार डावलणारा पर्याय उपलब्ध आहे आणि अनेक जण घाईत तोच वापरतात. तसे मुळीच करू नये. यूव्ही स्वतःचा पायथॉन वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये उतरवते आणि प्रत्येक प्रकल्पाचे वातावरण त्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवते, त्यामुळे उबुंटू २२.०४ कायम असतानाच ३.१२ वर सगळी चाचणी करता आली. ऑपरेटिंग सिस्टिम बदलणे आणि भाषा बदलणे या दोन पायऱ्या वेगळ्या ठेवता येणे हा फार मोठा दिलासा आहे.

आता तंट्यांकडे येतो. आमच्या यादीत पांडास २.२ (तक्त्यांवर काम करणारे पॅकेज) होते आणि एका जुन्या प्रोग्रॅमसाठी नमपाय (आकडेमोडीचे पॅकेज) १.२५ च्या खालचेच असावे अशी अट कोणीतरी लिहून ठेवली होती. पायथॉन ३.१० वर ही जोडी व्यवस्थित चालते, कारण तेथे पांडासला नमपाय १.२२.४ किंवा पुढची कोणतीही आवृत्ती पुरते. परंतु याच पांडासची पायथॉन ३.१२ साठीची अट नमपाय १.२६ पासून सुरू होते. म्हणजे यादीतील एकही अक्षर न बदलता केवळ भाषेची आवृत्ती बदलल्यामुळे दोन अटी परस्परविरोधी ठरल्या. पिपमध्येही नोव्हेंबर २०२० च्या २०.३ आवृत्तीपासून अटी काटेकोरपणे तपासणारी पद्धत आहे आणि ती चुकीचे काही बसवत नाही. मात्र पर्याय जुळत नसेल तर ती एकेक जुनी आवृत्ती उतरवून पाहत मागे जाते, आणि यादी मोठी असल्यास शेवटी हाती येणाऱ्या संदेशातून मूळ कारण शोधण्याचे काम आपल्यावरच पडते. यूव्हीमध्ये पबग्रब नावाची पद्धत वापरली आहे. ती नॅटली वायझेनबाउम यांनी डार्ट भाषेच्या पॅकेज व्यवस्थेसाठी तयार केली आणि २०१८ मध्ये मांडली. एखादा पर्याय का बाद झाला याची नोंद ही पद्धत करत जाते, त्यामुळे नकाराचे उत्तर युक्तिवादासारखे येते : पांडासच्या या आवृत्तीला ३.१२ वर नमपाय १.२६ किंवा त्यापुढचे हवे, तुमच्या प्रकल्पाला १.२५ च्या खालचे हवे, म्हणून तुमच्या अटी पूर्ण होऊ शकत नाहीत. संदेश इंग्रजीत असला तरी तो सावकाश वाचला की कोणती अट हलवायची हे कळते.

याला पूरक अशी आणखी एक सोय आहे. जुन्या ३.१० च्या यादीची लॉक फाइल आधी तयार करून घेतली आणि अवलंबित्वाचे झाड उलटे काढायला सांगितले, की नमपायवर कोणकोणती पॅकेजे विसंबून आहेत हे एका दृष्टिक्षेपात दिसते. आवृत्ती बदलण्यापूर्वी हे झाड प्रत्येकाने काढावेच असा माझा आग्रह आहे. त्यानंतर एका वेळी एकच पॅकेज पुढे नेण्याचा पर्याय वापरावा, सगळी यादी एकदम अद्ययावत करू नये. नमपायच्या बाबतीत तर ही सावधगिरी अत्यावश्यक आहे, कारण जून २०२४ मधील २.० या आवृत्तीत त्याचा बायनरी सांधा (संकलित पॅकेजे ज्या ठिकाणी त्याला जोडली जातात तो) बदलला आणि पूर्वीच्या नमपायसाठी संकलित केलेली पॅकेजे तिच्याबरोबर चालत नाहीत. १.२६ ही आवृत्ती पायथॉन ३.१२ वर चालते आणि जुन्या सांध्याशीही जुळते, म्हणून अट ‘१.२६ पासून, २ च्या आत’ अशी लिहून आधी भाषा बदलावी आणि २.० कडे नंतर स्वतंत्रपणे जावे.

पायथॉन ३.१२ मधून डिस्टयूटिल्स आणि इम्प ही दोन जुनी मॉड्यूल काढून टाकली आहेत. ज्या पॅकेजची या आवृत्तीसाठी तयार बांधलेली व्हील फाइल नाही, ते सोर्सवरून बांधले जाऊ लागते आणि त्यात जुने सेटअपटूल्स (पॅकेजे बांधण्याचे साधन) गुंतलेले असेल तर पिकेजीयुटिलमध्ये इम्पइम्पोर्टर नाही अशी एरर येऊन बांधणी मोडते. या एररमध्ये आपल्या पॅकेजचे नाव ठळकपणे येत नसल्यामुळे नवखा माणूस भलत्याच दिशेने शोध घेतो. यावर उपाय असा की पहिल्या फेरीत सोर्सवरून काहीही बांधू नकोस असा पर्याय यूव्हीला द्यावा. ज्या पॅकेजांना ३.१२ ची व्हील नाही ती लगेच उघडी पडतात आणि त्यांची नवी आवृत्ती शोधायची की त्यांना सोडून द्यायचे हे शांतपणे ठरवता येते.

उणिवाही नीट समजून घ्याव्यात. एखाद्या पॅकेजने ‘पायथॉन ३.१२ च्या खालीच चालेल’ असे जाहीर केलेले असले तरी यूव्ही ती वरची मर्यादा विचारात घेत नाही, फक्त खालची मर्यादा पाहते. अनेक पॅकेजे अशा मर्यादा अकारण घालतात हे यामागचे कारण मला पटते, परंतु ज्या पॅकेजने ती प्रामाणिकपणे घातली आहे तेथे तंटा आवृत्त्या जुळवताना न दिसता बांधणीच्या किंवा चालवण्याच्या वेळी दिसतो, आणि तो अधिक महागात पडतो. दुसरे असे की प्रकल्पाच्या फाइलमध्ये ‘३.१० किंवा पुढचा’ असे लिहिलेले राहिले तर यूव्ही त्या संपूर्ण पट्ट्यासाठी जुळणी करते आणि लॉक फाइलमध्ये एकाच पॅकेजच्या दोन-तीन आवृत्त्या वेगवेगळ्या पायथॉनसाठी नोंदवू शकते. ३.१० वर परत जायचे नाही हे नक्की झाले की ही खालची मर्यादा ३.१२ करून टाकावी. लॉक फाइल लहान आणि वाचण्याजोगी होते.

सर्वांत गंभीर मर्यादा नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये दिसते. पायथॉनसाठीचे जीडाल (नकाशांच्या फाइल हाताळणारे) पॅकेज सोर्सवरून बांधावे लागते आणि त्याची आवृत्ती सिस्टिममध्ये असलेल्या जीडाल लायब्ररीशी जुळावी लागते. उबुंटू २२.०४ मध्ये ही लायब्ररी ३.४.१ आहे, २४.०४ मध्ये ३.८.४. यूव्हीला एपीटीने काय बसवले आहे ते दिसत नाही, त्यामुळे लॉक फाइल यूव्हीच्या दृष्टीने निर्दोष असते आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलताच बांधणी मोडते. येथे यादीतील आवृत्ती हाताने ३.८.४ करणे आणि लायब्ररीच्या हेडर फाइलांचे पॅकेज एपीटीने बसवणे हाच मार्ग आहे. रास्टरिओ या नकाशांच्याच दुसऱ्या पॅकेजने काम भागत असेल तर ते निवडावे, कारण त्याच्या लिनक्सवरील व्हीलमध्ये जीडाल अंतर्भूत असते. ज्यांचा सगळा डोलारा अशा सी भाषेतील लायब्ररींवर उभा आहे त्यांनी कोंडा या पॅकेजे सांभाळणाऱ्या दुसऱ्या साधनाचा विचार करावा, कारण कोंडा त्या लायब्ररीही आपल्याच ताब्यात ठेवते. अशा कामासाठी यूव्ही हे पहिले उत्तर नाही.

काही लहान गोष्टी. यूव्हीने तयार केलेल्या वातावरणात पिप नसतो, त्यामुळे पिपला हाक मारणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट बदलाव्या लागतात. सिस्टिमडी आणि क्रॉन (प्रोग्रॅम आपोआप किंवा ठरलेल्या वेळी चालवणारी साधने) यांमधील मार्गही प्रकल्पातील पायथॉनकडे वळवावे लागतात. एकदा उतरवलेली पॅकेजे सामायिक साठ्यात राहतात आणि तो साठा पुरेसा असेल तर इंटरनेटशिवायही वातावरण पुन्हा उभे करता येते. पॅकहाउससारख्या, मोबाइलच्या डेटावर चालणाऱ्या ठिकाणी ही सोय फार उपयोगी पडते.

यूव्हीने बसवलेला पायथॉन एपीटीच्या अद्ययावतीकरणात येत नाही, हे मात्र प्रत्येक सर्व्हर सांभाळणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे. उबुंटूच्या सुरक्षा दुरुस्त्या आपोआप बसत असल्या तरी होम फोल्डरमधील ३.१२ जुनाच राहतो आणि तो पुढे नेण्याची कमांड वेगळी द्यावी लागते. म्हणून चाचणीपुरता यूव्हीचा पायथॉन वापरून, उबुंटू २४.०४ वर पोहोचल्यानंतर त्याला फक्त सिस्टिमचाच ३.१२ वापरण्याची सूचना देऊन ठेवण्याचा पर्याय आम्ही स्वीकारला आहे. पॅकेजे आणि लॉक फाइल यूव्हीकडे राहतात, आणि इंटरप्रिटरच्या, म्हणजे पायथॉनच्या, सुरक्षा दुरुस्त्या एपीटीमार्फत येत राहतात.